भेटीचा उद्देश

वनजाबाईंच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले असताना शेजारच्या अंबुबाई विचारपूस करायला आल्या. देवघराजवळ ठेवलेली दर्भाची जुडी त्यांनी उचलली, उजेडाकडे धरून पाहिली, दोन बोटांत चोळली आणि निकाल दिला.

"राव, हा दर्भ नव्हं. हंचीकड्डी ही. आमच्याकडे ह्याची केरसुणी करतात बघा."

विजयनगर वस्तीतल्या त्या गल्लीत अंबुबाईंच्या निकालावर अपील नव्हतं. कुणाच्या घरी कुठल्या भिंतीला ओल येणार हे त्या बांधकाम चालू असतानाच सांगत, आणि ओल मुकाट्याने तिथेच येई. तरीही वेंकोजीरावांनी बचावाचा प्रयत्न केला. ही जुडी पूजासामानाच्या दुकानातून आणली आहे, पाकिटावर 'दर्भ' असं छापलेलं आहे, गेले अकरा महिने दर मासिक श्राद्धाला हीच वापरली आहे, असे तीन मुद्दे त्यांनी मांडले. तिसरा मुद्दा तोंडातून बाहेर पडल्यावर मात्र त्यांनी महिने बोटांवर पुन्हा मोजले.

अकरा महिने. दर महिन्याला उजव्या हाताच्या अनामिकेत या काड्यांचं पवित्रक घालून ते दक्षिणेकडे तोंड करून बसले होते, बायकोचं नाव आणि गोत्र उच्चारून त्यांनी पाणी सोडलं होतं. आणि बोटात काय, तर केरसुणी!

इथे वेंकोजीरावांविषयी एवढंच सांगायला हवं की नजरबादच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं. कागद खरा की खोटा, सही कुणाची, खाडाखोड केली असेल तर तिच्याशेजारी आद्याक्षरं आहेत की नाहीत, हे पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दुसऱ्यांच्या जमिनींचे खोटे उतारे नुसत्या वासावरून ओळखणाऱ्या या माणसाने स्वतःच्या बायकोचं पाणी मात्र खोट्या कागदपत्रांवर पाठवलं होतं. ते पोचलं कसं असणार?

त्यांनी पुरोहितांना फोन लावला. रघूत्तमाचार्य आनंदी स्वभावाचे गृहस्थ होते. "अडजस्ट माडी, राव," ते म्हणाले. "जुळवून घ्या. आजकाल सगळीकडे असाच दर्भ येतो. श्रद्धा मुख्य."

'अडजस्ट' हा शब्द वेंकोजीरावांनी चौतीस वर्षांत कचेरीच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. "मंत्र तरी पूर्ण म्हटलेत ना, आचार्य?" त्यांनी विचारलं. आचार्य लगेच श्राद्धाच्या स्वयंपाकाबद्दल विचारू लागले.

त्या दिवसापासून त्यांना जेवण जाईना. शेवटच्या आजारात वनजाबाईंना सारखी तहान लागायची आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. पाणी मोजायचं काम वेंकोजीरावांकडे होतं आणि ते त्यांनी एक थेंब इकडेतिकडे न होऊ देता केलं होतं. आता ती बाई वर्षभर तशीच तहानलेली बसली आहे असं त्यांच्या मनाने घेतलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलगी सहाना मात्र पाहत होती की अप्पा पाण्याचा पेला तोंडाशी नेतात आणि तसाच खाली ठेवतात.

दर्भाची बातमी गल्लीत पसरायला अर्धा दिवस पुरला. सल्ले येऊ लागले. अंबुबाईंनी खऱ्या दर्भाची खूण सांगितली: पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं की कापतं, आणि जे कापत नाही ते गवत. कुणी म्हणालं श्रीरंगपट्टणला नदीकाठी जा, तर कुणी म्हणालं दर्भ श्रावण अमावास्येलाच उपटायचा असतो, आता वेळ गेली. शेवटी गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले हणमंत शिंपी आले. हणमंतराव विठ्ठलाचे भक्त, तोंडात पांडुरंग आणि कानामागे खडू. त्यांनी नेमका पत्ता दिला.

"रिंग रोडच्या पल्याड ते हुल्लुगावलु, म्हंजे गवताळ रानाचं, केंद्र झालंय नव्हं? तिथल्या लोकांच्या टोप्या मीच शिवल्यात की. सत्तर एकर आहे, सगळं गवतच. झाड नाही, देऊळ नाही, काही नाही. लोक सुम्मने, उगीचच, गवत बघाला येतात."

"गवत बघायला?"

"टाइम घेऊन येतात, राव. पांडुरंग, मी पण आधी हसलो."

वेंकोजीरावांना लोक गवत बघायला वेळ ठरवून येतात हे पटायला थोडा अवधी लागला. पटल्यावर त्यांनी, कुठलाही समंजस माणूस काढील तोच निष्कर्ष काढला: जिथे सत्तर एकर गवत आहे, तिथे मूठभर द्यायला कोण नाही म्हणेल?

सहाना हेब्बाळच्या एका कंपनीत कामाला होती. त्या संध्याकाळी तिने लॅपटॉप उघडून केंद्राचा अर्ज काढला. गट किमान चार जणांचा हवा होता. हणमंतराव आणि अंबुबाई लगेच तयार झाले. हणमंतराव धर्मकार्याला मदत म्हणून, अंबुबाई खरेखोटे करायला. अंबुबाईंना जाताजाता गणपतीसाठी ताज्या दूर्वा आणि शेजारच्या गाईसाठी थोडा हिरवा चाराही हवा होता. तारीख पाहिली तर एकच दिवस मोकळा होता, खुद्द श्राद्धाचा, सकाळी साडेसात ते दहा. श्राद्धाला दुपारीच बसायचं असल्याने तेही जमण्यासारखं होतं. अडलं ते पुढच्या रकान्यात.

"अप्पा, भेटीचा उद्देश विचारतात. शिक्षण, पक्षिनिरीक्षण, फोटोग्राफी, रिसर्च. ह्याच्यात श्राद्ध नाही."

"इतर?"

"'इतर' पण नाही."

वेंकोजीराव खुर्चीत मागे टेकले. ज्या अर्जात 'इतर' नाही असा अर्ज त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. 'इतर' हा रकाना नसता तर कित्येक माणसांचा जन्मसुद्धा नोंदवता आला नसता असं त्यांचं मत होतं. उद्देश न सांगता अर्ज पुढे जाईना, आणि खोटा उद्देश सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते विचार करत असतानाच सहानाने 'रिसर्च'वर बोट टेकवलं आणि अर्ज गेला.

"अगं, हे खोटं झालं."

"आठ दिवस तुम्ही गवताशिवाय दुसरं काही बोलला का, अप्पा? मग रिसर्च नाही तर काय?"

श्राद्धाच्या दिवशी सकाळी चौघे केंद्रावर पोचले. वेंकोजीरावांच्या अंगावर स्वच्छ धोतर आणि उपरणं होतं, हातात तांब्या, आणि पिशवीत काळे तीळ. दर्भावर तीळ आणि दोन थेंब पाणी सोडून मग तो उपटावा, असं अंबुबाईंनी सुचवलं होतं. दारावरच्या रखवालदाराने पिशवी उघडली आणि तिळांची पुडी बाहेर काढली.

"इदु बीजा," तो म्हणाला. बाहेरचं बी आत न्यायचं नाही. सांडलं तर उगवेल, उगवलं तर गवत बिघडेल. पुडी कपाटात गेली आणि वेंकोजीरावांच्या हातात चौदा नंबरचा बिल्ला आला. पितरांचे तीळ बिल्ल्यावर ठेवून घेतलेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. पण नियम लेखी होता आणि भिंतीवर लावलेला होता, त्यामुळे त्यांना तक्रार करता येईना.

मग हमीपत्र आलं. त्यात कलमं होती बारा. हणमंतरावांनी आणि अंबुबाईंनी न वाचता सही केली. वेंकोजीराव वाचू लागले. मागे हेब्बाळच्या कुठल्याशा कंपनीची वीस-पंचवीस माणसं सारख्या पोपटी टी-शर्टात रांगेत उभी होती. सहानाने एकदा वळून पाहिलं आणि चेहरा ओढणीत लपवला, कारण ती कुठली कंपनी हे तिला टी-शर्टवरून कळलं होतं. तिने रजेच्या अर्जात 'फॅमिली फंक्शन' लिहिलं होतं.

"इथं सातवं कलम दोनदा आलंय," वेंकोजीरावांनी खिडकीतल्या माणसाच्या नजरेस आणून दिलं. त्याने मान डोलावली. "नुसती मान हलवून भागत नाही. दुरुस्त करा आणि बाजूला सही करा." त्याने दुरुस्त केलं. रांग दारापर्यंत गेली. वेंकोजीराव समाधानाने पुढच्या कलमाकडे वळले आणि त्यांचं पेन थांबलं.

'केंद्राच्या आवारातील कोणतीही वनस्पती, पान, फूल, बी, दगड वा पीस, जिवंत वा मृत, मी कापणार, उपटणार अथवा बाहेर नेणार नाही.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मागून हणमंतराव कुजबुजले, "करा हो सही. मी कात्री आणली आहे. दोऱ्याची, छोटी. कुणाला दिसणार नाही."

मागे पंचवीस माणसं खोळंबलेली आणि घरी श्राद्धाचा स्वयंपाक सुरू झालेला. वेंकोजीरावांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सही केलेला कागद उलटा करून सरकवला.

आत केंद्राच्या प्रमुख सुप्रीता उभ्या होत्या. तिशीची, उन्हाने रापलेली बाई, डोक्यावर हणमंतरावांच्या हातची टोपी. हातातल्या यादीवर नजर टाकून त्या आदराने पुढे आल्या आणि कन्नडमध्ये बोलू लागल्या.

"सर, संशोधक आपणच? विषय काय आपला?"

"दर्भ," वेंकोजीराव म्हणाले.

"किती दिवस चाललंय काम?"

"आज एक वर्ष झालं."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तरीही त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. सुप्रीता मात्र हरखल्या. इथे येणारे लोक पक्षी विचारतात, साप विचारतात, गवताकडे कुणी बघत नाही, त्या म्हणाल्या. त्यांनी टाळ्या वाजवून पोपटी मंडळींना जवळ बोलावलं आणि जाहीर केलं की आज आपल्याबरोबर दर्भाचे अभ्यासक आहेत, ते सगळ्यांना माहिती देतील.

चौतीस वर्षांत वेंकोजीरावांनी चार माणसांसमोर भाषण केलं नव्हतं. निरोप समारंभातसुद्धा त्यांनी कपाटांच्या किल्ल्या मोजून देऊन नमस्कार केला होता. पण उत्तर दिलं नाही तर नोंद खोटी ठरते, म्हणून ते बोलले. ग्रहणात अन्नावर दर्भ ठेवतात, असं ते म्हणाले. त्याच्या पात्याची धार बोट कापते. त्याची अंगठी करून बोटात घातल्याशिवाय गेलेल्या माणसाला पाणी पोचत नाही, आणि बाजारात मिळतो तो बहुतेक खोटा असतो, पाकिटावर काहीही छापलेलं असलं तरी. शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या तळमळीने म्हटलं की पोपटी टी-शर्टांपैकी दोघांनी ते लिहून घेतलं. सहाना आता लपली नव्हती. ती वडिलांकडे बघत होती.

वाट कमरेएवढ्या गवतातून जात होती. कार्तिकातलं गवत, तांबूस झालेलं, आणि कुसळं पिकलेली. हणमंतरावांच्या पॅंटला गुडघ्यापर्यंत कुसळं टोचली. "टेरिकॉटचा सत्यानाश की हो," ते पुटपुटत होते. तेवढ्यात सुप्रीतांनी सांगितलं की कुसळसुद्धा बी असल्याने जाताना दारापाशी एकेक काढून इथेच टाकायचं आहे. अंबुबाईंनी दूर्वांची जागा हेरून ठेवली होती. ते ऐकल्यावर त्यांनी खाली वाकायचा विचार सोडला.

एका ओहोळाच्या काठी सुप्रीता थांबल्या. "हा बघा, सर."

ताठ, फिकट हिरव्या पात्यांचं ते ठोंब छातीएवढं उंच होतं. वेंकोजीरावांनी न बोलता एका पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटावर बारीक लाल रेघ उमटली. अंबुबाईंनी त्यांचा हात ओढून घेतला, रेघ पाहिली, आणि या खेपेला हलक्या आवाजात निकाल दिला, "दर्भच आहे, राव."

हणमंतराव कामाला लागले. "मॅडम, तो पक्षी कुठला हो?" त्यांनी पलीकडे बोट दाखवलं. पक्षी नव्हता, पण सगळ्या माना तिकडे वळल्या, आणि कात्री वेंकोजीरावांच्या तळहातात आली.

पाती समोर होती. दोन हवी होती, फार तर तीन. सत्तर एकरांत तीन पाती. वेंकोजीरावांनी कात्रीत बोटं घातली आणि त्यांना टाचणी आठवली.

लग्नाच्या पहिल्या वर्षी कचेरीच्या एका समारंभात वनजाबाईंच्या पदराची पिन तुटली होती. त्यांनी नवऱ्याकडे एक टाचणी मागितली. टेबलावर डबीभर टाचण्या होत्या, पण सरकारी. वेंकोजीरावांनी दिली नाही. बाई दोन तास पदर मुठीत धरून बसली, आणि पुढे तीस वर्षं नात्यातल्या प्रत्येक लग्नात तिने ही गोष्ट सांगितली. सगळे हसत. वेंकोजीराव दरवेळी मान खाली घालत. पण गोष्ट सांगून झाली की वनजाबाई त्यांच्याकडे एकदा बघायच्या, आणि त्या बघण्यात थट्टा नसायची. त्या बाईला चोरलेलं गवत बांधून पाणी पाठवायचं? तिने ओंजळ पुढे केलीच नसती.

त्यांनी कात्री हणमंतरावांना परत दिली. मग सुप्रीतांसमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, मी संशोधक नाही," ते म्हणाले. "तुमच्या अर्जात 'इतर' नव्हतं. आज माझ्या बायकोचं वर्षश्राद्ध आहे. वर्षभर मी तिला खोट्या दर्भावर पाणी दिलं. खरा न्यायला आलो होतो. सही करून बसलो, आता नेता येत नाही. झालेल्या चुकीबद्दल क्षमा करा."

सुप्रीतांनी टोपी काढली. "सर, माझ्या हातात असतं तर दिला असता," त्या शेवटी म्हणाल्या. "पण एकाला दिला की उद्या सगळ्यांना द्यावा लागतो. मग हे ठोंब उरणार नाही."

"बरोबर आहे," वेंकोजीराव म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. ते परत निघाले. चार पावलं गेल्यावर थांबले.

"मॅडम, कलमात कापणं आहे, उपटणं आहे, बाहेर नेणं आहे. धरणं आहे का?"

सुप्रीतांनी हमीपत्र काढून वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. "धरणं नाही," त्या म्हणाल्या.

वेंकोजीराव ठोंबाशेजारी दक्षिणेकडे तोंड करून खाली बसले. दोन पाती त्यांनी हलकेच वाकवून घेतली आणि मुळापासून न तोडता अनामिकेभोवती वेढा देऊन गाठ मारली. उजवा हात जमिनीशी बांधला गेला. आता उठायचं म्हटलं तरी त्यांना उठता आलं नसतं. सहानाने घरी येऊन बसलेल्या आचार्यांना फोन लावून स्पीकर चालू केला.

"कुठे आहात, राव? इथे सगळी तयारी झाली!"

"स्वल्प हळू बोला, आचार्य, इथे पक्षी आहेत," सहाना म्हणाली. "अप्पांना इथूनच पाणी सोडायचंय. दर्भ खरा आहे, पण जमिनीत आहे. तुम्ही मंत्र सांगा."

पलीकडे आचार्यांना हे समजून घ्यायला वेळ लागला. "बरं, तीळ घ्या हातात," ते म्हणाले.

"तीळ कपाटात आहेत," वेंकोजीराव म्हणाले. "चौदा नंबर."

"तिळाशिवाय कसं होईल, राव?"

वेंकोजीरावांनी बोटातल्या हिरव्या गाठीकडे पाहिलं.

"अडजस्ट माडी, आचार्य," ते म्हणाले.

फोनमधून मंत्र येऊ लागले, बारीक आवाजात, आणि पूर्ण. सहानाने तांब्यातून वडिलांच्या तळहातावर पाणी धरलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधून ते खाली उतरलं आणि दर्भाच्या बुंध्याशी मुरलं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा वेंकोजीराव पहिल्याच अक्षरावर अडले आणि सहानाने त्यांच्याबरोबर नाव घेतलं. नियमात तीनदाच पाणी सोडायचं असतं. तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी हात तसाच पुढे धरला.

"घाल अजून," ते मुलीला म्हणाले. "सगळा तांब्या घाल. आज मोजायचं नाही."

पोपटी टी-शर्टातली माणसं कधी जवळ येऊन उभी राहिली आणि त्यांनी टोप्या कधी काढल्या हे सहानाला कळलं नाही. अंबुबाई पदराने डोळे पुसत होत्या. हणमंतरावांनी कानामागचा खडू काढून खिशात टाकला.

गाठ सोडल्यावर पाती हळूहळू वर गेली. थोडा बाक उरला. सुप्रीता म्हणाल्या, दोन दिवसांत सरळ होतील.

दारापाशी हणमंतरावांनी दुकानातली सुई काढून चौघांच्या कपड्यांतली कुसळं एकेक वेचली. वेंकोजीरावांच्या धोतराच्या निऱ्या त्यांनी दोनदा तपासल्या. चौदा नंबरचे तीळ परत मिळाले. मग जाण्याच्या वेळेची सही करायची वही पुढे आली.

वेंकोजीरावांच्या नावापुढे, 'भेटीचा उद्देश' या रकान्यात, छापील अक्षरांत 'संशोधन' असं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं. त्या शब्दावरून एकच सरळ रेघ ओढली, खालचा शब्द वाचता येईल अशी, जशी ओढायची असते. वर लिहिलं, 'वनजाबाई'. शेजारी आद्याक्षरं केली आणि तारीख घातली.

शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, पुन्हा केव्हा येणार. त्यांनी आजचीच तिथी पुढच्या वर्षासाठी लिहिली, 'कार्तिक वद्य षष्ठी. तारीख पंचांग पाहून कळवू.'

घरी पोचल्यावर, पाय धुऊन झाल्यावर, श्राद्धाला बसण्याआधी त्यांनी सहानाकडे प्यायला पाणी मागितलं, आणि पेला पूर्ण रिकामा केला.